जिप्सीचा हेडर : नट सैल का होतो?

मारुतीच्या जिप्सी किंगच्या १.३ लिटर इंजिनाला ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी ४-२-१ हेडर (धूर बाहेर नेणारे चार पाइप, आधी दोन आणि मग एक होणारे) चढवला आणि सकाळच्या स्टार्टला टिकटिक सुरू झाली. इंजिन तापलं की आवाज गायब. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज समजून सोडून देणारे पुष्कळ असतात, पण दोन नंबरच्या पोर्टखाली (धूर बाहेर पडायच्या भोकाखाली) इंजिनाच्या हेडवर काजळीचा काळा फराटा उमटला होता. म्हणजे गॅस तिथूनच निसटतोय.

हेडर उतरवला. फ्लँजवर (हेडला टेकणाऱ्या जाड पट्टीवर) स्टीलची पट्टी आडवी धरून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातला, तर मधल्या दोन पोर्टांमध्ये ०.२ मिमीचं पान आरामात सरकलं. वेल्डिंगच्या तापाने फ्लँज वाकलेला. सरफेस ग्राइंडिंग करून घेतलं. हे केल्याशिवाय कितीही भारी नट आणा, फुकट.

आता नटांकडे. नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला नट, इथे बादच. १२० अंशांच्या पुढे त्यातलं नायलॉन टिकत नाही. स्प्रिंग वॉशर तापून मऊ पडतो, मग त्याचा साधा वॉशर होतो. दुकानदार हमखास स्टेनलेस पुढे करतो. दिसायला झकास, पण स्टेनलेस स्टडवर (हेडमध्ये बसवलेल्या, डोकं नसलेल्या बोल्टवर) स्टेनलेस नट कोरडा आवळला तर आटे एकमेकांत जाम होतात आणि पुढच्या वेळी स्टडच तुटून हातात येतो.

माझं मत असं, की नट फिरून सैल होतो ही तक्रार बऱ्याचदा खोटी असते. एम८ स्टड २२ न्यूटन-मीटरला आवळला की साधारण १३-१४ किलोन्यूटन ताण बसतो. पकडीची लांबी (हेडपासून नटापर्यंतचा ताणला जाणारा भाग) १५ मिमी असेल तर स्टड ताणला जातो जेमतेम ०.०३ मिमी. मधलं गॅस्केट (हेड आणि फ्लँजमधलं पॅकिंग) तापून तेवढं दबलं की संपलं! नट जागचा हललेलासुद्धा नसतो. तीच लांबी ३५ मिमी केली तर तेवढ्याच जोराला स्टड दुपटीहून जास्त ताणला जातो, ०.०६ मिमीच्या आसपास. म्हणून लांब स्टड घेतले आणि लेथवर २० मिमीच्या स्टीलच्या नळ्या कापून नट आणि फ्लँज यांच्यामध्ये घातल्या. स्टड ८.८ ग्रेडचे. हेड अॅल्युमिनियमचं, त्यामुळे आत किमान १२ मिमी तरी आटे पकडले पाहिजेत. स्टड हातानेच बसवला, पाना लावला नाही.

नट तांब्याचा मुलामा दिलेले, किंचित चेपलेले, म्हणजे स्वतःच घट्ट चालणारे. षटकोन १२ मिमीचा घेतला, कारण १३ चा सॉकेट पाइपच्या वळणाला घासतो. (तीन नंबरला तरीही रिंग पानाच लागतो. शिव्या त्या डिझायनरला.) आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावलं की घर्षण कमी होतं, म्हणून टॉर्क (आवळायचा जोर) २२ वरून १७ न्यूटन-मीटरवर आणला, मधून सुरुवात करून कडेकडे, दोन टप्प्यांत. फ्लँजच्या टोकाची भोकं अर्धा मिमी मोठी केली, फ्लँज तापून पसरायला जागा हवी.

गाडी तापवून, पूर्ण थंड करून पुन्हा टॉर्क तपासला. मधले नट थोडे फिरले, कडेचे जागेवर. आता टिकटिक नाही, हेड कोरडं. पुढचं काम गिअरबॉक्सपाशी डाउनपाइपला ब्रॅकेट लावायचं, कारण सध्या सायलेन्सरचं सगळं वजन याच स्टडांवर लटकतंय. त्या ब्रॅकेटला रबर बुश कोणता टिकतो, अनुभव असेल तर सांगा.