सासूबाईंचा अंगठा आणि आमचं रेशन : माझा अनुभव

किराणा परवडेना झाल्यावर आमच्या घरात काय काय केलं ते लिहायला बसले होते खरं, तेल कमी, सुट्टं सामान, यादी वगैरे, पण चार ओळी झाल्या आणि परत डोकं तिथेच जाऊन अडकलं, रेशनच्या ई-केवायसीत, म्हणजे कार्डावरच्या प्रत्येकाची आधारवरून ओळख पटवून घेण्यात. त्यामुळे आधी तेच सांगते, बाकीचं मध्ये मध्ये आठवेल तसं.

आमचं कार्ड केशरी, सासऱ्यांच्या काळचं, प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असलेलं. म्हणजे माणशी ५ किलो धान्य. घरात सासूबाई, हे, मी आणि दोन पोरं, एकूण २५ किलो. आधी गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने मिळायचा, २०२३ च्या जानेवारीपासून फुकट आहे. खरं सांगते, कित्येक वर्षं आम्ही या धान्याकडे फार लक्षच दिलं नाही. मिळालं तर मिळालं, तांदळाची इडली-डोसे करायचे, गहू बाजारातल्या गव्हात मिसळायचा. मग २०२४ च्या सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्युटी शून्यावरून एकदम २० टक्के केली आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर तेलाची पिशवी अशी भडकली की चकलीचा एकच घाणा काढला मी. तेव्हा पहिल्यांदा सहा महिन्यांच्या किराणाच्या चिठ्ठ्या पसरून बसले. त्यात दिसलं की आम्ही गहू-तांदळावरसुद्धा बरेच पैसे घालतोय, आणि रेशनचं धान्य मात्र निम्म्या महिन्यांत आणायलाच जात नाही. मशीन बंद, रांग मोठी, ह्यांना सुट्टी नाही, कारणं काय पैशाला पासरी.

म्हणून ठरवलं की आधी जे हक्काचं आहे ते घरात आणायचं. आणि नेमकी तेव्हाच ही ई-केवायसी आली, ज्याची मुदतीत होणार नाही त्याचं धान्य बंद.

माझं, ह्यांचं आणि थोरल्याचं दुकानातच पाच मिनिटांत झालं. धाकटीचं आधार ती तान्ही असताना काढलेलं, त्याला बोटंच नव्हती, मग आधार केंद्रावर नेऊन बायोमेट्रिक घेतलं. पाच ते सात वर्षांच्या पोरांचं हे फुकट असतं बरं का, कुणाला पैसे देऊ नका, आमच्याकडे मागितले होते, मी भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवल्यावर गप्प बसले. तिचंही झालं.

राहिल्या सासूबाई.

आईंनी आयुष्यभर खुरपण केलंय, भांडी राखेने घासलीत, अजूनही रोज भाकऱ्या त्याच थापतात. त्यांच्या बोटाचं टोक हातात घेऊन बघितलं तर नुसतं गुळगुळीत, उंबऱ्याचा दगड झिजतो ना तसं. रेषाच नाहीत. दुकानात मशीनवर आधी अंगठा, मग तर्जनी, मग एकेक करत दहाच्या दहा बोटं लावून झाली, प्रत्येक वेळी तो तांबडा दिवा आणि टूं. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करायला लागली. कुणी म्हणालं हाताला खोबरेल लावा, कुणी म्हणालं लिंबू चोळा, एक बाई तर चक्क टूथपेस्ट म्हणाल्या. आम्ही पुढच्या आठ दिवसांत सगळं करून बघितलं. कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून, कोरडे पुसून, थोडं व्हॅसलीन लावून परत पुसलं तर मशीनला काहीतरी दिसतं, एवढं मात्र खरं, आमच्या शेजारच्या काकांचं तसंच झालं. आईंचं नाही झालं. डोळ्याचं मशीन असतं म्हणे काही दुकानांत, आमच्या दुकानदारांकडे ते होतं पण दुरुस्तीला गेलेलं. ते तिकडे कधी गेलं आणि कधी येणार हे शेवटपर्यंत कळलं नाही.

दुकानदार म्हणाले, तहसीलला पुरवठा विभागात जा. गेलो. रिक्षाचे जाऊन-येऊन दीडशे रुपये. तिथल्या मॅडम म्हणाल्या हे आमच्या हातात नाही, आधारमध्ये बोटं अपडेट करून आणा. आधार केंद्रावर गेलो तर टोकन संपलेले. दिवसाला तीसच टोकन आणि ते सकाळी साडेनऊला वाटतात, हे लिहिलेला कागद आतल्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला! म्हणजे आत गेलेल्यालाच कळणार. दुसऱ्या दिवशी आठलाच जाऊन बसलो, टोकन मिळालं १९ नंबरचं, आणि अकराला सर्व्हर डाऊन. चारपर्यंत बसलो. आईंनी डब्यातली पोळी-चटणी पायरीवर बसून खाल्ली आणि मला म्हणाल्या, अगं पाच किलोसाठी एवढं? मी म्हणाले आई, आता पाच किलोचा प्रश्नच राहिला नाही.

तिसऱ्या खेपेला आत नंबर लागला. ऑपरेटर मुलगा तसा बरा होता पण त्याचा संवाद ऐका.

“आजी, बोट दाबा.”

“दाबलंय की.”

“अजून दाबा.”

“आता काय मशीन फोडू का बाबा?”

बोटं घेतली, दहापैकी चारच बरी आली म्हणाला. पावती दिली, थांबा आठवडाभर म्हणाला. थांबलो. मग परत दुकानात, परत तांबडा दिवा. अपडेट होऊनसुद्धा! कारण झिजलेलं बोट नव्याने घेतलं तरी ते झिजलेलंच येणार ना, एवढी साधी गोष्ट पुरवठ्यात, केंद्रात कुणीच बोललं नाही, आणि मलाही सुचली नाही हा माझा गाढवपणा.

या सगळ्यात मार्चअखेर म्हणत होते ती मुदत एप्रिलअखेर झाली, ती पण गेली, आणि मे महिन्यात आमच्या पावतीवर २५ च्या जागी २० किलो आलं. बरं, एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. जूनमध्ये पावसाळा म्हणून जून, जुलै, ऑगस्ट असं तीन महिन्यांचं धान्य एकदम दिलं. म्हणजे आईंचं १५ किलो एका फटक्यात गेलं. दुकानदारांना म्हटलं पुढे केवायसी झाली तर हे मागचं मिळेल का, ते नुसते हसले. बाजारात तेवढे गहू-तांदूळ घ्यायला सहाशेच्या आसपास लागले मला. पैसे जातात ते जातात, पण त्या दिवशी दुकानाबाहेर ट्रकमधून पोती उतरत होती आणि आई पिशवी घडी करून काखेत मारून उभ्या होत्या, ते मला अजून आठवतं. घरी येऊन म्हणाल्या, उद्यापासून मी भात कमी खाते. असली बोलणी ऐकायची वेळ यावी का?

सुटलं कसं ते सांगते. ह्यांच्या भाच्याने फोनवर विचारलं, मामी, तोंडाने का नाही केलं? म्हणजे चेहऱ्याने. ‘मेरा ई-केवायसी’ नावाचं ॲप आहे, त्याच्या जोडीला ‘आधार फेस आरडी’ हे दुसरं ॲप टाकावं लागतं, मग राज्य निवडायचं, आधार नंबर घालायचा, ओटीपी येतो, आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून पापणी लववायची. बोट लागतच नाही. इतक्या खेपा घातल्या आम्ही, पण दुकान, तहसील, केंद्र, एका माणसाने हे तोंडातून काढलं नव्हतं!

पण ओटीपी कुठे येणार? आईंच्या आधारला नंबर होता सासऱ्यांचा. ते जाऊन सहा वर्षं झाली, सिम कधीच बंद पडलेलं. मग परत आधार केंद्र, परत साडेनऊचं टोकन, यावेळी मी शहाणी झालेली, सातलाच गेले. मोबाईल नंबर बदलायलासुद्धा ओळख पटवावी लागते, बोटांचा प्रश्न होताच, मी आधीच ऑपरेटरला सांगून टाकलं की दादा, बोटांवर वेळ घालवू नका, डोळ्याने घ्या. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजव्याने घेतलं. एका झटक्यात. तेव्हा पन्नास रुपये लागले आणि दहा मिनिटं. म्हणून सांगते, ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांनी बाकी काही करू नका, आधी आधारला चालू नंबर आहे का ते बघा, तो घरातल्या कुणाचाही चालतो.

चार दिवसांनी नंबर चढला. दुपारी बाराला आईंना अंगणात खुर्ची टाकून बसवलं, कारण आत उजेड पुरत नव्हता. चष्मा काढा म्हटलं, पदर कपाळावरून मागे घ्या म्हटलं, तर त्या फोटो काढायचा म्हणून ताठ आणि डोळे वटारून बसल्या. पापणी लववा म्हटलं की दोन्ही डोळे गच्च मिटायच्या. धाकटी समोर उभी राहून पापण्या फडफडवून दाखवत होती. पाचव्या वेळेला त्या हसल्या, आणि हसताना लवली असावी, हिरवं वर्तुळ पूर्ण झालं. मग परत ॲपमध्ये जाऊन स्टेटस बघायचं, तिथे ‘वाय’, म्हणजे येस, झालं, असं दिसलं पाहिजे. हे बघितल्याशिवाय झालं म्हणून ॲप बंद करू नका आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मला तो लागला, कारण पुढच्या महिन्यात दुकानदारांच्या मशीनमध्ये परत २० च दिसलं, मी स्क्रीनशॉट दाखवला, त्यांनी फोन लावला कुणाला तरी, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात २५ आलं.

पावती मागून घ्या दर वेळी. मशीनमधून निघते, त्यावर किती किलो ते छापलेलं असतं, आणि तेवढंच पिशवीत आहे का ते तिथेच बघा. मी आता घरून वजनकाटाच नेते, लोक हसतात, हसू देत. तुमचं किती धान्य येणं आहे ते ‘मेरा राशन’ ॲपवरही दिसतं. तक्रारीला १९६७ नंबर आहे. आणि हो, केवायसी आपल्याच दुकानात करायची असं काही नाही, कुठल्याही रेशन दुकानात होते, म्हणजे डोळ्याचं मशीन चालू असलेलं दुकान आम्ही शोधू शकलो असतो, पण हे कळलं सगळं झाल्यावर. दर महिन्याला धान्य आणायला मात्र घरातल्या एकाचाच अंगठा पुरतो, आईंना रांगेत न्यावं लागत नाही.

बाकी किराणाचं थोडक्यात. तेलाच्या पिशवीवर लिटर लिहिलंय की ग्रॅम ते बघा, लिटरमध्ये साधारण ९१० ग्रॅम तेल असतं, पण आता ८५०, ८०० ग्रॅमच्या पिशव्या तशाच दिसतात आणि स्वस्त वाटतात. मी घरात महिन्याचं तेल एकाच बरणीत ओतते आणि बरणीवर चार आठवड्यांच्या खुणा केल्यात, ह्यांना भजी हवी असतील तर खूण बघून मागायची. पाकीटबंद पीठ-तांदळावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्ट्यावर नाही, त्यामुळे रेशनचा गहू निवडून गिरणीत दळून आणते, ब्रँडेड पीठ बंदच केलं. मध्ये काही महिने गव्हाच्या जागी ज्वारी दिली होती, पोरांनी नाकं मुरडली, आई खूश. हिशोब म्हणाल तर किराणा महिन्याला हजार-अकराशेने खाली आलाय, त्यातले निम्म्याहून जास्त या २५ किलोचे.

थोरला येत्या मार्चमध्ये पंधराचा होतोय, म्हणजे त्याचं आधारचं बायोमेट्रिक परत. टोकनला साडेनऊच्या आत यावेळी ह्यांना पाठवणार आहे.