बोबा प्यायचा तर आधी चहा विचारा

धरमपेठेतल्या पोरांच्या हातात आता जे बोबाचे, म्हणजे साबुदाण्यासारखे मोठे मऊ मोती घातलेल्या गार मिल्क टीचे ग्लास दिसतात, त्या पेयाचं माहेर तैवानमधलं ताइचुंग शहर, असं म्हणतात. मी नोकरीमुळे त्याच शहरात राहते आणि सध्या सुट्टीवर नागपुरात आले आहे. परवा भाची मला मोठ्या हौसेने बोबा पाजायला घेऊन गेली. ग्लास देखणा, मोती मऊ, सगळं छान, फक्त चहा कुठे लागेना. सिरप, पावडर आणि दूध, एवढंच जिभेवर येत होतं. तिला ते मनापासून आवडलं होतं, म्हणून दुकानात काही बोलले नाही. घरी येता येता मात्र तिला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. शिवाय आमच्या कॉलनीतल्या काकूंचा मुलगा पीएच.डी.साठी ताइचुंगलाच निघाला आहे. "तिथं पोरगं खाईल काय, तेवढं लिहून दे न बाप्पा," असं काकू रोज म्हणून राहिल्या. तेव्हा हे लिखाण दोघींसाठी.

माझं म्हणणं एवढंच आहे की मिल्क टी हा आधी चहा आहे. मोती, ब्राऊन शुगरचे पट्टे, चीजचा फेस, पुडिंग हे सगळं नंतर. चहा चांगला नसेल तर वर काहीही घाला, तो ग्लास सुधारत नाही.

ताइचुंगच्या सिवेइ रस्त्यावर १९८३ मध्ये एक चहाचं दुकान निघालं. तेच पुढे चुन श्वेइ थांग या नावाने प्रसिद्ध झालं. चहा गरमच प्यायचा अशी तिथली जुनी रीत. या दुकानाच्या मालकांनी जपानमध्ये गार कॉफी पाहिली आणि आपल्याकडे चहा बर्फासोबत शेकरमध्ये घुसळून द्यायला सुरुवात केली. १९८७ मध्ये तिथे काम करणाऱ्या लिन श्यू-ह्वेइ या बाईंनी टॅपिओकाचे गोड गोळे त्या गार चहात टाकून पाहिले आणि बोबा जन्मला, असं हे दुकान सांगतं. दक्षिणेकडच्या ताइनान शहरातलं हानलिन नावाचं चहागृह म्हणतं, आम्ही १९८६ मध्येच केला होता. हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला. हे पेय कुणालाही करता येतं, तेव्हा पहिला कोण हे ठरवायची गरज नाही, असं २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं. मला तो निकाल फार आवडतो, कारण त्या मोकळेपणामुळेच आज तैवानच्या गल्लीबोळात चांगला चहा मिळतो.

चुन श्वेइ थांगमध्ये टेबलावर बसून निवांत पिता येतं. चहा नीट घुसळलेला असल्यामुळे ग्लासात वर दोन बोटं बारीक फेस असतो, आणि तो फेस ओठाला लागला की आधी चहाचा वास येतो, मग दुधाचा. नव्याने आलेल्या माणसाला मी एकदा तरी तिथे नेते. पण रोजचा चहा मात्र माझ्या घराखालच्या कोपऱ्यावरच्या दुकानाचा. रस्त्याकडे तोंड करून एक काउंटर, आत तीन-चार पोरंपोरी, ग्लासावर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवणारं यंत्र आणि मागे स्टीलच्या टाक्यांमध्ये वेगवेगळा चहा. बसायला जागा नाही.

त्या दुकानात मी मोती शिजताना पाहिले आहेत. आपला उपासाचा साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून होतो, त्याच कंदाच्या स्टार्चचे हे गोळे. रंग गुळासारख्या काळपट साखरेमुळे येतो. मोठ्या पातेल्यात पाण्याला खळखळून उकळी आली की मोती सोडायचे आणि तळाला लागू नयेत म्हणून लांब झाऱ्याने ढवळत राहायचं. अर्धा तास शिजले की गॅस बंद करून तेवढाच वेळ झाकून ठेवायचे. मग पाण्यात धुवून काळ्या साखरेच्या पाकात टाकायचे. बाहेरून पाक चकाकतो आणि आत दाताला किंचित प्रतिकार लागतो, तो खरा मोती. चारेक तासांनी ते वातड होतात, त्यामुळे चांगलं दुकान दिवसातून अनेकदा नवं पातेलं चढवतं आणि उरलेले टाकून देतं. स्टार्च गार झाला की पुन्हा कडक होतो. साबुदाण्याची उसळ थंड झाली की दगड होते, त्याचंही कारण हेच. म्हणून बोबा घेतला की हातात धरून फिरत बसू नका, लगेच प्या.

ऑर्डर देताना काउंटरवरची मुलगी तीन गोष्टी विचारते: चहा कोणता, साखर किती, बर्फ किती. साखरेचे टप्पे ठरलेले असतात. पूर्ण, थोडी कमी, मग बानथांग म्हणजे अर्धी, वेइथांग म्हणजे तीस टक्क्यांच्या आसपास आणि वूथांग म्हणजे अजिबात नाही. बर्फाचंही तसंच, आणि हिवाळ्यात गरम चहाही मिळतो. आपल्याकडे टपरीवर "साखर कमी" सांगितलं की चहावाल्याच्या मर्जीवर सोडावं लागतं, तिथे यंत्रावर आकडा दाबतात. मधुमेह असलेल्या माझ्या बाबांना या गोष्टीचं फार समाधान वाटलं. आईबाबा दोघे माझ्याकडे राहायला आले तेव्हा बाबा रोज संध्याकाळी स्वतः खाली उतरून वूथांग वुलोंग (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला प्रकार) आणायचे. मुलगी त्यांना ओळखू लागली होती, ते दिसले की न विचारता ग्लास भरायची. आईचा मात्र पहिल्या घोटाला चेहरा पडला. "बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा म्हणजे काढाच नं!" तिला मी तैवानमधल्या 'अलीशान' नावाच्या डोंगरावरचा वुलोंग दिला होता. दोन दिवसांनी तिने तोच पुन्हा मागितला, घशात मागून गोडसर लागतं म्हणाली. तिने ते स्वतःहून ओळखलं याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू! चांगल्या वुलोंगची खूण तीच, घोट गिळल्यावर मागाहून येणारा गोडवा.

दुधाचा चहा घ्यायचा असेल तर एक गोष्ट नक्की बघा. फळ्यावर साधा मिल्क टी आणि ताज्या दुधाचा मिल्क टी असे दोन वेगळे प्रकार लिहिलेले असतात. साध्यात बहुतेक ठिकाणी क्रीमर पावडर असते. ती दाट लागते आणि चहाचा कडवटपणा झाकते. ताज्या दुधाचा दहा-पंधरा तैवानी डॉलरने महाग पडतो, पण मी तोच घेते. साधा बोबा पन्नास-साठ तैवानी डॉलरला मिळतो, आणि त्यांचा डॉलर पावणेतीन रुपयांच्या आसपास आहे. स्वतःचा ग्लास नेला तर साखळी दुकानांना २०२२ पासून किमान पाच डॉलर सूट द्यावीच लागते. आता काकूंच्या मुलाने पहिल्याच दिवशी झाकणाचा मोठा ग्लास आणि जाड स्टीलचा स्ट्रॉ घ्यावा. कागदी स्ट्रॉ शेवटच्या मोत्यापर्यंत टिकत नाही.

आणि चहा कुठला? ताइचुंगहून बसने दीड-दोन तासांवर सन मून लेक आहे. तिथल्या युछ गावाभोवती १९२५ मध्ये जपानी राजवटीत आसामहून आणलेलं बियाणं लावलं गेलं. म्हणजे आसामचा चहा तिथे शंभर वर्षं मुरलेला आहे. पुढे बर्मी जातीचा तिथल्या रानचहाशी संकर करून एक नवी जात तयार झाली. ती १९९९ मध्ये प्रसारित झाली, नाव रुबी, क्रमांक १८. तिला दालचिनीचा आणि मागून पुदिन्याचा वास आहे, आणि यातलं काहीही वरून घातलेलं नसतं. नागपुरी जिभेला कडक चहाची सवय असते, तेव्हा तुम्हाला वुलोंग पचेपर्यंत हा काळा चहा ताज्या दुधासोबत घ्या. टायगर शुगर हे ताइचुंगमध्येच २०१७ मध्ये सुरू झालेलं दुकान, त्याच्या ग्लासावर पाकाचे वाघासारखे पट्टे उमटतात. फोटोला सुरेख. मला ते फार गोड होतं, आणि त्यात चहा शोधायला जाऊ नये.

आता खाण्याकडे येते. तिथे भाड्याच्या बऱ्याच खोल्यांना स्वयंपाकघरच नसतं. माणसं सकाळ-दुपार-संध्याकाळ बाहेर खातात, आणि त्यामुळे साध्या खानावळी स्वस्त, ताज्या आणि पावलोपावली आहेत. टिप द्यायची नसते. टेबलावर पदार्थांची छापील चिठ्ठी आणि पेन्सिल असते. हवं त्यापुढे खूण करायची, काउंटरवर पैसे भरायचे आणि बसायचं. चिनी अक्षरं येत नसतील तर मोबाईलचा कॅमेरा त्या चिठ्ठीवर धरला की बऱ्यापैकी कळतं.

सकाळची न्याहारीची दुकानं उजाडता उजाडता उघडतात आणि अकरा-साडेअकराला आवरतात. तव्यावर पातळ धिरडं, त्यावर अंडं, गुंडाळून तुकडे केलेलं, त्याला दानबिंग म्हणतात. सोबत गरम सोयाबीनचं दूध. विदर्भात शेतांतून इतकं सोयाबीन पिकतं, पण त्याचं असं ताजं, गरम, हलकं गोड दूध मी आयुष्यात पहिल्यांदा ताइचुंगमध्येच प्यायले. तर्री पोह्यांची जागा ते घेत नाही, घेऊही नये. तरी थंडीच्या सकाळी ते फार बरं वाटतं.

शाकाहारी लोकांनी तैवानला घाबरू नये, हे मला मोठ्याने सांगायचं आहे. बौद्ध परंपरेमुळे तिथे शाकाहारी खानावळी खूप आहेत, आणि त्यांच्या पाटीवर स्वस्तिक असतं, आपल्या स्वस्तिकाच्या उलट दिशेला वळलेलं. आईने रस्त्याच्या पलीकडून ते ओळखलं आणि मला हात धरून तिकडे नेलं. आत लांब टेबलावर पंचवीस-तीस भाज्यांच्या ट्रे मांडलेल्या. कागदी डबा घ्यायचा, चिमट्याने हवं ते वाढून घ्यायचं, वजन करून पैसे द्यायचे. शंभर डॉलरच्या आसपास पोटभर होतं. आई ट्रे बघत पुढे सरकत होती आणि एकेक ओळखत होती: घोसाळी, माठ, दुधी, रताळ्याचा कोवळा पाला, कारलं, पण पांढरंशुभ्र. "अव्वा, हे तर आपल्या बुधवार बाजारातलंच आहे सारं!" कांदा-लसूणही नव्हता, कारण तिथले सनातनी बौद्ध शाकाहारी तो खात नाहीत. आईचा चातुर्मास चालू होता, तिला वेगळं काही सांगावंच लागलं नाही. फक्त एका ट्रेपाशी ती थबकली. मासळीचे तुकडे होते, खवल्यांसकट. ते सोयाबीनचे केलेले, वर समुद्री शेवाळाचा पापुद्रा लावलेला. मी खात्री करून दिली तरी तिने ते घेतलं नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

चांद्रमासाच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला तिथले कित्येक एरवी मांसाहारी लोकही शाकाहार पाळतात. त्या दिवशी या खानावळींत दुपारी बाराला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा साडेअकरालाच जा. पाकिटांवर आणि पाट्यांवर अंड्याचा शाकाहार, दुधाचा शाकाहार, दोन्ही नसलेला, असे प्रकार वेगवेगळे लिहिलेले असतात. "वो छ सू" एवढं म्हटलं की मी शाकाहारी आहे हे समोरच्याला कळतं आणि तो नीट सांगतो.

साध्या, म्हणजे मांसाहारी खानावळीत मात्र सावध राहा. नुसती उकडलेली पालेभाजी मागवली तरी वर डुकराच्या मांसाचा रस्सा किंवा चरबी ओतून देतात, तो तिथला सन्मान आहे. भातावर बारीक शिजवलेलं डुकराचं मांस आणि गोमांसाचे नूडल्स हे तर तिथलं रोजचं जेवण. बाबा सावजी मटणावर वाढलेले, पण गोमांस-डुक्कर खात नाहीत. त्यांच्यासाठी मी कोंबडीचा भात आणि तिळाच्या पेस्टमधले गार नूडल्स शोधून काढले. ताइचुंगकर नूडल्सवर लाल चटणी घालतात, रंग बघून बाबांनी चमचा भरून घेतली, आणि ती निघाली गोडसर. खरा झणका हवा असेल तर माला नावाचा रस्सा मागा. त्यात तिरफळाच्या कुळातली मिरी असते, जीभ बधिर होते. सावजीचा जाळ वेगळा आणि हा वेगळा, दोघांची अदलाबदल होत नाही.

ताइचुंगमधल्या 'फेंगजिया' नावाच्या रात्रबाजाराबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी थोडक्यात आवरते. एकदा जाऊन या, कांद्याच्या पातीचं पापुद्र्याचं परोठं तिथे खा, आणि गर्दी आवडत नसेल तर जपानी काळातल्या, 'दुसरा बाजार' असंच नाव असलेल्या बाजारात सकाळी जा. म्हाताऱ्या आज्या तिथे भाजी निवडत बसलेल्या असतात आणि मुळ्याची वाफवलेली वडी तव्यावर खरपूस करून मिळते.

काकू, तुम्ही कुकर आणि पंधरा किलो धान्य बांधून ठेवलं आहे असं कळलं. वसतिगृहाच्या खोलीत शिजवायला बहुतेक परवानगी नसते, आणि तांदूळ तर तिथेही उत्तम मिळतो. कुकर राहू द्या. भिवापुरी तिखटाची पुडी, शेंगदाण्याची चटणी आणि थोडं लोणचं तेवढं नीट बांधून द्या, विमानात फुटणार नाही असं. आणि त्याला माझा नंबर द्या. पहिल्या रविवारी मी त्याला त्या स्वस्तिकवाल्या खानावळीत घेऊन जाते.