शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी

माझी मावशी कादंबरी हाती आली की आधी शेवटचे पान वाचायची. संधिवाताने तिच्या बोटांची पेरे ऐन तिशीतच वाकडी झाली होती आणि जाड पुस्तक तिला धरता येत नसे. मांडीवर उशी, उशीवर पुस्तक, आणि पान उलटायचे ते तळहाताच्या कडेने सरकवून, अशी तिची रीत होती. सुटीत मी मिरजेला गेले की वाचनालयातून तिच्यासाठी पुस्तके आणण्याचे काम माझ्याकडे असे. त्यांत एखादी प्रेमकथा असली तर शेवटचे पान वाचून ती समाधानाने म्हणायची, "जमते गं यांचे. आता निवांत वाचते." शेवट कळल्यावर वाचायला उरते काय, असे मी तिला पुष्कळदा विचारले आणि ती दर वेळी नुसती हसली. गेल्या काही वर्षांत मी ज्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या नादी लागले आहे, त्या वाचताना मात्र तिचे म्हणणे मला पटू लागले आहे.

या समकालीन प्रणयकादंबऱ्या आहेत. त्यांचे नायक-नायिका कृष्णवर्णीय, व्हिएतनामी, भारतीय, समलिंगी, दीर्घकाळ आजारी, स्वमग्न (ऑटिस्टिक), स्थूल असे आहेत, म्हणजे पूर्वी ज्यांना प्रेमकथेत फार तर मैत्रिणीची किंवा शेजाऱ्याची भूमिका मिळाली असती अशी ही माणसे आहेत. या प्रकारच्या लेखनाला एक अट असते. कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवे आणि शेवट सुखाचा, निदान आशेचा हवा. अमेरिकेतल्या प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेने आपल्या व्याख्येतच तसे नमूद केले होते. त्यामुळे पुस्तक न उघडताही शेवटचे पान वाचकाला ठाऊकच असते आणि सगळी मदार अडचणीवर येऊन पडते. दोघे एकत्र येणार हे ठरलेलेच आहे, मग आज, या पानावर, ते का येत नाहीत? हा प्रश्न खरा वाटला तर कादंबरी खरी वाटते.

लहानपणी चोरून वाचलेल्या, कोपरे दुमडलेल्या मिल्स अँड बूनमध्ये ही अडचण बहुधा बाहेरून आणून बसवलेली असे. नायक उंच, श्रीमंत आणि तुसडा असे, नायिका गरीब आणि मानी असे, आणि दोघांमध्ये कुणाचे तरी पत्र, कुणाचा तरी वारसा किंवा दुसऱ्या बाईविषयीचा गैरसमज असे, जो पाच मिनिटे नीट बोलले असते तर मिटला असता. १९०८ साली लंडनमध्ये निघालेल्या त्या प्रकाशनसंस्थेचे माझ्यावर उपकार आहेत, कारण कॉलेजात इंग्रजी वाचण्याची भीती तिनेच घालवली. पण त्या अडचणी मला आज आठवतही नाहीत.

याउलट हेलन होआंग यांच्या २०१८ सालच्या 'द किस कोशन्ट' या कादंबरीतले एक जेवण मी विसरू शकत नाही. स्टेला ही आकडेशास्त्रात रमणारी, उत्तम पगार मिळवणारी स्वमग्न तरुणी आहे. स्पर्श आणि जवळीक तिला जड जाते, म्हणून ती चक्क पैसे देऊन मायकेल नावाच्या तरुणाची शिकवणी लावते. (कथानकाची ही सुरुवात सांगताना आजही माझा आवाज खाली येतो, हे कबूल करते.) मायकेलची आई व्हिएतनामी आहे आणि घर बहिणी, आजी, टीव्ही, पियानो यांनी भरलेले आहे. स्टेला प्रथमच त्या घरी जेवायला जाते आणि मायकेलची आई प्लास्टिकच्या डब्यात गरम केलेले अन्न तिच्यापुढे ठेवते. स्टेला सरळ सांगते की प्लास्टिक गरम केल्यावर त्यातली रसायने अन्नात उतरतात. शास्त्राच्या दृष्टीने तिचे बोलणे चुकलेले नाही, पण शब्द तोंडातून बाहेर पडताच घरातली हवा बदलते आणि ती का बदलली हे तिला एकटीला कळत नाही.

हे वाचताना मी पुस्तक पालथे ठेवून स्वयंपाकघरात गेले, कारण आमच्याकडेही श्रीखंडाचे रिकामे डबे धुऊन त्यांत आमटी ठेवली जाते आणि ती त्याच डब्यातून गरमही होते. पाहुण्या मुलीने आमच्या आईला हे ऐकवले असते तर काय झाले असते, याचे चित्र मला कुणी काढून द्यायची गरज नव्हती. त्याच वेळी टीव्ही आणि पियानो यांच्या एकत्र आवाजाने स्टेलाच्या डोक्यात काय चालले आहे तेही लेखिकेने आधीच दाखवून ठेवले होते. म्हणजे मला आईचाही राग येईना आणि मुलीचाही येईना. अडचण दोघींच्याही स्वभावातून उगवलेली होती आणि कोणत्याही पत्राने वा खुलाशाने ती मिटणारी नव्हती. लेखनाच्या काळातच हेलन होआंग यांना आपण स्वतः स्वमग्न असल्याचा उलगडा झाला, हे नंतर कळले तेव्हा त्या प्रसंगातली खात्री कुठून आली हेही उमगले.

मराठीतल्या 'स्वमग्न' या शब्दाविषयीही तेव्हा थोडी शंका आली. स्टेला स्वतःत मग्न नाहीच. उलट बाहेरचा प्रत्येक आवाज, प्रत्येक शिवण, प्रत्येक वास तिच्यावर येऊन आदळतो आणि त्याला दार लावण्याची सोय तिच्याकडे नाही. रुळलेला शब्द मी बदलू शकत नाही, पण तो वापरताना आता जरा अडखळते.

टॅलिया हिबर्ट या ब्रिटिश लेखिकेची 'गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन' ही २०१९ सालची कादंबरी मला याहूनही जवळची आहे, आणि त्याचे कारण मिरजेत आहे. क्लोई ही कृष्णवर्णीय, सुखवस्तू घरातली, वेबसाइटची कामे करणारी मुलगी आहे. तिला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर ठणकणारे, डोळ्यांना न दिसणारे आणि म्हणून पुष्कळांना खोटे वाटणारे दुखणे. आजारपण लांबले तशी मित्रमंडळी पांगली आणि ठरलेले लग्नही मोडले. एकदा थोडक्यात जीव वाचल्यावर ती आईवडिलांचे घर सोडून स्वतंत्र राहू लागते आणि आयुष्यात करायच्या गोष्टींची यादी करते. तंबूत मुक्काम करणे, मोटारसायकलवर बसणे असल्या, निरोगी माणसाला यादीत लिहाव्याशाही न वाटणाऱ्या गोष्टी त्यात आहेत. नायक रेड हा तिच्या इमारतीची देखभाल करणारा, चित्रे काढणारा, श्रीमंत प्रेयसीकडून पूर्वी अपमान सोसलेला गोरा माणूस आहे. पैसा हिच्याकडे आणि अंगमेहनतीची ताकद त्याच्याकडे आहे, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या दयेची धास्ती आहे.

मला यात सर्वांत आवडली ती हिशोबाची सवय. क्लोई काहीही ठरवताना त्याची किंमत शरीराला किती पडेल हे आधी मोजते. मावशीही मोजत असे. लग्नघरी जायचे असेल तर आदल्या दिवशी ती भाजी निवडत नसे, केस धूत नसे, आणि कुणी विचारले तर "आज जरा आळस आला" म्हणे. दुखते म्हणण्यापेक्षा आळशी म्हणवून घेणे तिला सोपे होते. ही गोष्ट मी घरात वीस वर्षे पाहिली होती, पण प्रेमकथेची नायिका ती करताना मी प्रथमच पाहत होते. मावशीला पाहायला येणारे लोक तिच्या हातांकडे पाहून चहा संपवायचे आणि 'कळवतो' म्हणून निघून जायचे. तिच्यावर कुणी जीव टाकेल, तिच्याशी भांडेल, तिची चेष्टा करेल आणि तीही त्याची करेल, अशी कल्पना आमच्यापैकी कुणी केली नव्हती, मीही केली नव्हती.

अशी पुस्तके अलीकडेच का दिसू लागली, याचे उत्तर फारसे सुखद नाही. वर जिचा उल्लेख केला ती अमेरिकन संघटना १९८० मध्ये स्थापन झाली आणि तिच्या संस्थापकांत व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादक होत्या. तरीही त्या संघटनेचा मानाचा 'रिटा' पुरस्कार कृष्णवर्णीय लेखिकांना पहिल्यांदा मिळाला तो २०१९ मध्ये, केनेडी रायन आणि एम. मलोन यांना. लिहिणाऱ्या नव्हत्या असे मुळीच नाही. त्यांची पुस्तके दुकानात वेगळ्या फडताळात लावली जात, हे अधिक खरे आहे.

सगळीच पुस्तके मला आवडतात असे कृपया समजू नये. काही कादंबऱ्या वाचताना शाळेचे स्नेहसंमेलन आठवते, ज्यात 'विविधतेतून एकता' या गाण्यावर एक मुलगा भांगडा करी, एक मुलगी केरळची कसवू साडी नेसून उभी राही, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला हमखास फेटा आणि नऊवारी येई. अशा कादंबरीत नायिकेच्या चार मैत्रिणी चार वंशांच्या असतात आणि एकीलाही स्वतःचा संताप, लोभ किंवा विनोद नसतो. भारतीय पात्र असेल तर तिची आई फोन करून 'लग्न कधी' एवढेच विचारते. ते पात्र नक्की कुठले, बंगाली की तमिळ की सोलापूरचे, याचा पत्ता नसतो. ज्या वेगळेपणामुळे पात्राच्या एकाही निर्णयात फरक पडत नाही, ते वेगळेपण मुखपृष्ठासाठी असते, असा माझा आता अनुभव आहे.

सोनाली देव यांनी 'प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स' या २०१९ सालच्या कादंबरीत त्रिशा राजे ही मेंदूची शल्यचिकित्सक नायिका केली, तेव्हा 'राजे' हे आडनाव कॅलिफोर्नियातल्या प्रेमकथेत पाहून मी हरखून गेले, पण पुस्तक आवडले ते त्यासाठी नव्हे. नायक डीजे हा आचारी आहे आणि त्याच्या चित्रकार बहिणीवर त्रिशाच उपचार करते आहे. शस्त्रक्रियेने बहिणीचा जीव वाचेल पण दृष्टी जाईल, आणि चित्रकाराने असे जगावे का, हा प्रश्न दोघांच्या मध्ये उभा राहतो. असला पेच असला की पात्राचा वंश, वर्ग, व्यवसाय सगळे आपोआप कामाला लागते.

मराठीत असे काही नाही का, असे मला मैत्रिणी विचारतात. सुखान्ताची अट पाळणारे फार थोडे आहे. पण अट बाजूला ठेवली तर सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्ल्यू' ही कादंबरी २००६ सालीच आली होती. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण राहायला येतो आणि घरातला मुलगा तनय व मुलगी अनुजा दोघेही, एकमेकांना पत्ता न लागता, त्याच्या प्रेमात पडतात. पूर्वार्ध तनय सांगतो, उत्तरार्ध अनुजाच्या वहीतून उलगडतो, आणि ज्याच्यावर दोघांचा जीव जडला त्याचे नावही आपल्याला कळत नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे ठरवणारा, कलम ३७७ विषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा आहे, म्हणजे तनयची ही गोष्ट छापली गेली तेव्हा त्याचे प्रेम कायद्याने गुन्हा ठरत होते. कादंबरी मात्र कायद्याविषयी भाषण करत नाही. घरातल्या खोल्या, जिना आणि कुणाच्या पावलांचा आवाज कधी येतो, एवढ्यातून ती सारे सांगते.

तनय त्या निघून गेलेल्या माणसाशी 'तू' म्हणून बोलत राहतो. जेरी पिंटो यांनी २०१३ मध्ये या कादंबरीचा चांगला इंग्रजी अनुवाद केला, पण इंग्रजीतल्या 'यू'ला 'तू' आणि 'तुम्ही' दोघांचेही ओझे एकट्याने वाहावे लागते. तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. इंग्रजी प्रणयकादंबरी वाचताना मी मनात मराठी करत जाते आणि हे दोघे 'तुम्ही'वरून 'तू'वर कोणत्या पानावर येतील ते शोधते. ते पान सापडले नाही तर प्रेम जमलेले नाही असे समजते.

या खोडीचा उपयोग अलीकडे झाला. मावशीला आता उशीवरचे पुस्तकही पेलत नाही, म्हणून रोज रात्री फोनवर मी तिला क्लोईची गोष्ट मराठीत सांगत होते. रेडने क्लोईला आरंभी 'तुम्ही' म्हणावे असे माझे मत होते, कारण ती भाडेकरू आणि तो देखभालीचा माणूस. मावशीला ते पटले नाही. "पहिल्याच भेटीत इतके भांडतात, ते काय अहो-जाहो करून?" असे म्हणून तिने दोघांना सरळ 'तू'वर आणले. तिसऱ्या रात्री तिने जुन्या सवयीप्रमाणे विचारले,

"शेवटी जमते ना यांचे?"

"जमते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि तिचे दुखणे? बरे करतात का शेवटी?"

"नाही. दुखणे तसेच राहते."

"बरं झालं," मावशी म्हणाली. "सांग पुढे."