जाहिरातीचं कात्रण

शिक्षक संघटनेची तालुका सरचिटणीस म्हटलं की लोकांना वाटतं, बाई माइकवर गरजत असणार. प्रत्यक्षात माझी निम्मी दुपार आस्थापनेच्या, म्हणजे नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या टेबलासमोर जाते. कुणाची वेतनवाढ सेवापुस्तकात चढलेली नसते, कुणाचं वैद्यकीय बिल त्रुटीचा शेरा मारून परत आलेलं असतं. नव्या पोरांना मी एवढंच सांगते, अर्ज दिला की आवक शिक्क्याची पोच घ्या. 'होऊन जाईल मॅडम' फाइलला लावता येत नाही.

2 फेब्रुवारी 2024 चा शासन निर्णय आला आणि फोन थांबेनात. जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची, पण रुजू त्यानंतर, अशांना जुन्या पेन्शनचा, म्हणजे बाजारावर न हलणाऱ्या ठरलेल्या पेन्शनचा पर्याय एकदाच देता येणार होता. आता नेमणुकीचा आदेश सगळे लॅमिनेट करून ठेवतात, जाहिरात कोण ठेवतं? एका बाईंच्या वडिलांनी ठेवली होती, एलआयसीच्या पॉलिसीत घडी घालून. उघडली तर नेमका तारखेचा कोपरा वाळवीनं खाल्लेला! मग आम्ही दोघी ग्रंथालयात जुन्या अंकांचे गठ्ठे उपसत बसलो. शिंका देऊन देऊन नाक लाल झालं, पण अंक सापडला.

मी स्वतः 2005 च्या आधी रुजू झालेली, म्हणजे जुन्या पेन्शनवाली. त्यामुळे 14 मार्च 2023 ला सगळ्यांना जुनी पेन्शन मिळावी म्हणून संपावर गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझी पेन्शन पक्की आहे ना, मग उन्हात कशाला?" शेजारच्या वर्गातली, नंतर लागलेली बाई तीच पुस्तकं शिकवते, तोच पोषण आहार वाटते, आणि म्हातारपणी तिचं पोट बाजारावर सोडायचं, हे मला पटत नव्हतं. आठवडाभरानं संप मिटला. पालक कुरकुरले, तेही काही चूक नव्हतं. त्यांच्यातल्या बहुतेकांना कसलीच पेन्शन नाही.

राजकारणाचं विचाराल तर आमची गंमतच आहे. विधान परिषदेत शिक्षकांच्या 7 जागा आहेत, पण आम्हा प्राथमिकवाल्यांना त्यात मत नाही. संविधानाच्या कलम 171 नुसार मतदार माध्यमिकपासून वरचा लागतो. बाकी निवडणुकांत मतदार याद्या करायला, पेट्या घेऊन मुक्कामाला जायला मात्र आम्हीच. शिक्षण हक्क कायद्यानं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं ठेवलीत. बाकीची व्हॉट्सॲपवर येतात, तीही 'तात्काळ' म्हणून.

म्हणून आमची खरी रग जिरते ती शिक्षकांच्या पतसंस्थेच्या निवडणुकीत. एरवी शिक्षक दिनालाही न आठवणारे मावसभाऊ तेव्हा घरी चहाला येतात. यंदा दोन पॅनेल आहेत आणि दोन्हीकडून मला उभं राहायचा आग्रह झाला. मी विचारलं, कर्जाचा व्याजदर किती खाली आणणार? दोघांचीही पत्रकं छापून आलीत. फोटो झकास आहेत, आकडा कुठेच नाही.