लाल टोपी, केशरी टोपी

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५. सातारा. रात्री साडेअकरा.

आज पहाटे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आम्ही चौघे जमलो तेव्हा सहा वाजायला दहा मिनिटे कमी होती, थंडी चांगलीच झोंबत होती, आणि तरीही रक्तातल्या साखरेचा आपापला आकडा सांगितल्याशिवाय कोणी पाऊल उचलले नाही. मास्तर १४८, कऱ्हाडची २१०, मी १३२ आणि धाकटी ९६, बाण खाली. साखर चढते आहे की उतरते आहे हे दाखवणारा बाण फक्त तिच्या आकड्याला असतो, कारण दंडावर साखर मोजणारा सेन्सर तिलाच आहे. आम्ही बाकीचे अजून बोट टोचणारे. ९६ हा आकडा घरात बसलेल्या माणसाला शोभतो, चढण चढणाऱ्याला नाही. म्हणून धाकटीने अर्धे केळे आणि दोन बिस्किटे खाल्ली आणि तोवर आम्ही उभे राहिलो. रोज फिरायला येणारे एक काका जाता जाता म्हणाले, "काय, चढायच्या आधीच नाश्ता?" मास्तरांनी नुसता हात हलवला.

मास्तर, कऱ्हाडची आणि धाकटी ही नावे मी रोजनिशीपुरती ठेवलेली आहेत. मास्तर ५५ वर्षांचे असून त्यांना नवव्या वर्षी, म्हणजे १९७९ साली, टाइप वन मधुमेह झाला. कऱ्हाडची माझ्याच वयाची, चाळिशीची. धाकटी १९ वर्षांची, बी.एस्सी.ला आहे आणि तिला हे दुखणे लागून जेमतेम दोन वर्षे झाली आहेत. मी स्वतः १९९६ साली सहावीत असताना दोन महिन्यांत काडीसारखी झाले, रात्री चार-चार वेळा उठून माठातले पाणी पीत राहिले आणि शेवटी उलट्या होऊन ग्लानीत गेले, तेव्हा कुठे निदान झाले. भेटायला आलेली आत्या पहिले वाक्य बोलली ते असे : "गोड फार खायची का हो?" शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, त्यात लाडू-जिलेबीचा काही हात नसतो, हे आईला समजायलाच वर्ष गेले, आत्याला ते आजही पटलेले नाही.

कऱ्हाडचीशी ओळख झाली ती वासावरून. २००५ सालची गोष्ट. मी एस.टी.ने कऱ्हाडला निघाले होते, गाडीत चढताना पर्स दांडीवर आपटली आणि आतली इन्सुलिनची बाटली फुटली. इन्सुलिनला एक उग्र, दवाखान्याच्या फरशीसारखा वास असतो. तो त्यातल्या टिकवणाऱ्या द्रव्याचा वास आहे आणि ज्याने कधी टोचून घेतलेले नाही त्याला तो ओळखता येत नाही. गाडीतल्या लोकांनी नाके मुरडली. पुढच्या बाकावरची एक मुलगी मात्र मागे वळली आणि ओळख ना पाळख, तिने विचारले, "रेग्युलर होतं की मिक्स?" ही इन्सुलिनच्या प्रकारांची नावे. मी म्हटले, "मिक्स." तिने आपल्या पिशवीतून ओल्या रुमालात गुंडाळलेली बाटली काढली, तळहातांत धरून सवयीने घोळवली आणि माझ्या हातात दिली. "माझ्याकडे घरी आहे अजून एक." तोवर मला टाइप वन असलेली माझ्या वयाची एकही व्यक्ती ठाऊक नव्हती. दवाखान्याच्या बाकावर असायचे ते सगळे साठीचे काका आणि काकू, आणि ते माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत. ही मुलगी माझ्याकडे नव्हे, बाटलीच्या काचांकडे पाहत होती.

आज चढताना धाकटीने सहज विचारले, "ताई, परवा माझं इन्सुलिनचं पेन अडकलं होतं. अशा वेळी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन साध्या सिरिंजने काढलं तर चालतं ना?" कऱ्हाडची आणि मी एकदमच "नाही!" असे इतक्या जोरात ओरडलो की ती दचकून थांबली. मग तिला २०१२ सालच्या मे महिन्यातली हकिगत सांगावी लागली.

मावसभावाचे लग्न होते, पेन मी घरी विसरले होते, पर्समध्ये पेनात बसवायचे इन्सुलिनचे सुटे कार्ट्रिज तेवढे होते. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून सिरिंज आणली आणि जेवणाआधी आठच्या खुणेपर्यंत भरून घेतली. सुई काढून टोपी लावताना लक्षात आले की टोपी लाल आहे. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलीटरला ४० युनिट असते आणि त्याच्या सिरिंजची टोपी लाल असते; पेनच्या कार्ट्रिजमधले मात्र १०० युनिटचे, आणि १०० च्या सिरिंजची टोपी केशरी. लाल टोपीच्या सिरिंजवरची आठची खूण म्हणजे कार्ट्रिजमधले वीस युनिट, अडीच पट. मी मांडवाच्या मागे जाऊन कऱ्हाडचीला फोन लावला. तिने तीनच प्रश्न विचारले. टोपी कुठल्या रंगाची, कितीच्या खुणेपर्यंत, टोचून किती मिनिटे झाली. मग म्हणाली, "बारा युनिट जास्त गेलंय. तुझ्या हिशोबाने सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं जास्तीची पोटात जायला हवीत. आधी जेवायला बस, बहिणीला शेजारी बसव, मी डॉक्टरांना फोन करते." डॉक्टरांचा निरोप तिनेच आणला : अर्ध्या अर्ध्या तासाने तपासत राहा, एकटी राहू नकोस, आणि उलटी झाली तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठ.

त्या रात्री मी वाढपी थकेपर्यंत सरबत आणि जिलेबी खात होते. घाम फुटलेला, हात थरथरत असलेले आणि समोर जिलेबीचे ताट. मावशीच्या जाऊबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आणि मग म्हणायचं, शुगर वाढते." मला रडू येण्याऐवजी हसू आले, कारण कानाला लावलेल्या फोनवर कऱ्हाडचीने ते ऐकले होते आणि ती विचारत होती, "कितव्या जिलेबीला बोलल्या?" रात्री अडीच वाजता आकडा सलग तिसऱ्यांदा शंभराच्या वर आला, तेव्हा तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची परीक्षा होती हे तिने मला आठवड्याने सांगितले.

अशा मैत्रिणीशी मी दोन वर्षे खोटे बोलत होते, हेही इथे लिहून ठेवते. दर तीन महिन्यांनी आमची एचबीए१सी तपासणी होते. तीन महिन्यांच्या सरासरीचा तो एक आकडा असतो, सातच्या आसपास आला की डॉक्टर हसतात. माझा ९.२ आला होता आणि मी तिला ७.४ सांगितला. कोणी विचारले नव्हते. ती दर वेळी ७.१, ७.२ सांगायची आणि मला तिचा हेवा वाटायचा, थोडा रागही यायचा. हिला जमते, मला का जमत नाही, मी खाताना मोजत नाही का, रात्री उठत नाही का. मागच्या वर्षी आम्ही एकाच प्रयोगशाळेत एकाच दिवशी रक्त दिले आणि काउंटरवरच्या मुलाने दोघींचे अहवाल एकाच टाचणीत लावून माझ्या हातात दिले. वर माझा ८.९ होता. खाली तिचा, १०.३. आम्ही दोघी जिन्यात उभ्या होतो. बराच वेळ ती टाचणी काढण्याचा प्रयत्न करत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं तुझं चांगलं चाललंय, म्हणून…" पुढचे वाक्य मलाही पाठ होते.

ही हकिगत मास्तरांच्या कानावर गेल्यापासून आमच्यात एकच नियम झाला : आकडा मोठ्याने सांगायचा आणि त्यावर कोणी शेरा मारायचा नाही. ज्या माणसाने तीस वर्षे मुलांच्या वह्यांवर शेरे लिहिले त्याने हा नियम करावा याची गंमत वाटते. पण म्हणूनच आज कऱ्हाडचीने २१० सांगितले तेव्हा "काल काय खाल्लंस?" असे कोणी म्हणाले नाही. घरचे लोक हाच प्रश्न प्रेमाने विचारतात आणि त्या प्रेमानेच माणूस आकडा लपवायला शिकतो. २१० ला शंभर कारणे असतात. पहाटे शरीर आपल्याआपण साखर सोडते, सुई टोचून टोचून झालेल्या जुन्या गाठीत गेलेली असते, झोप झालेली नसते, सासू आजारी असते.

वर मंगळाईच्या देवळाजवळ बसलो तेव्हा धाकटी कुरकुरत होती. शुक्रवारी, १४ तारखेला, मधुमेह दिन म्हणून तिच्या महाविद्यालयात पत्रके वाटली गेली. वजन घटवा, गोड टाळा, रोज चाला. तिचे वजन ४४ किलो आहे. मास्तर म्हणाले की ती तारीख इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग, यांच्या जन्मदिवसाची आहे, आणि १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इन्सुलिन टोचले गेले तेव्हा त्याचे वजन तुझ्याहूनही कितीतरी कमी होते. पहिला अर्क अशुद्ध निघाला, फारसा उपयोग झाला नाही. बाराव्या दिवशी शुद्ध केलेला अर्क दिला आणि मुलगा सावरला, पुढे तेरा वर्षे जगला. "फक्त तेरा?" धाकटी म्हणाली. मास्तर म्हणाले, "त्याच्या आधीच्यांना तेरा महिने मिळाले तरी पुष्कळ, असं होतं."

मग ते त्यांच्या लहानपणाचे सांगू लागले, आणि ते कितीही वेळा ऐकले तरी मला पुन्हा ऐकावेसे वाटते. घरी साखर मोजायचे यंत्र नव्हते. त्यांची आई परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेऊन त्यात लघवीचे आठ थेंब टाकायची आणि स्टोव्हवर उकळायची. निळेच राहिले तर साखर नाही. मग हिरवे, पिवळे, नारिंगी, आणि विटकरी झाले म्हणजे फारच. काचेची सिरिंज त्याच स्टोव्हवर पातेल्यात उकळायची, सुई बोथट झाली की बारीक दगडावर घासायची. आईने आयुष्यात विटकरी रंगाचे लुगडे घेतले नाही, असे मास्तर म्हणाले. हे त्यांनी आज पहिल्यांदाच सांगितले.

उतरताना धाकटीचा सेन्सर वाजला. ६१, बाण सरळ खाली. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. मास्तरांनी तिथेच तिचे बोट टोचले तर ५४ निघाले. ओठ पांढरे पडले होते. कऱ्हाडचीच्या पिशवीत बहिणीसाठी घेतलेला कंदी पेढ्यांचा खोका होता, तिने तो उघडलासुद्धा, पण मास्तरांनी हात आडवा धरला. पेढ्यातल्या दुधाच्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. त्यांनी खिशातून कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी काढली, त्यात मोजून तीन चमचे साखर असते, आणि ती तिच्या हातावर ओतली. "खा." ती म्हणाली, "मला कळतं, मी लहान नाही, तुम्ही जरा गप्प बसाल का?" मास्तर गप्प बसले. साखर खाली घसरली की मेंदू उपाशी राहतो आणि माणूस भांडतो, हे आम्हाला चौघांनाही ठाऊक आहे, पण ऐकणाऱ्याला ते लागायचे ते लागतेच. आम्ही कठड्यावर तिच्या दोन्ही बाजूंना बसलो. पंधरा मिनिटे थांबायचे असते आणि ती फार लांब असतात. कऱ्हाडची घरच्या गिलाव्याच्या कामाबद्दल आणि सिमेंटच्या भावाबद्दल एकटीच बोलत राहिली, कारण अशा वेळी "बरं वाटतंय का?" हे कोणालाच ऐकायचे नसते. धाकटीच्या हाताला चिकटलेल्या साखरेवर मुंग्या आल्या, त्या ती एकेक करून फुंकत होती. मग ७२. मग ८९. मग ती म्हणाली, "पेढा दे आता."

एवढी चढण झाली की शरीर रात्रभर साखर ओढत राहते आणि झोपेत आकडा पडू शकतो. धाकटी खोलीवर राहते. सेन्सर वाजतो खरा, पण तिची झोप कुंभकर्णाची, आणि सोबतच्या मुलीला परीक्षेचा अभ्यास आहे. म्हणून किल्ल्याच्या दिवशी रात्री तीन वाजता तिला उठवायची पाळी आम्ही वाटून घेतली आहे. आज माझी आहे. गजर लावून वही मिटते.

तीन वाजून आठ मिनिटे. दोनदा फोन वाजला, तिसऱ्यांदा तिने उचलला, "हं, हं" केले आणि ठेवून दिला. मग संदेश आला : "१०४, आडवा बाण. ताई, सरांना माझ्याकडून सॉरी सांगाल का?" मी लिहिले की तूच सांग, ते जागेच असतील. माझे बोट टोचले, ११८. हे लिहीपर्यंत मास्तरांचा आकडा आला, १२६. आज त्यांची पाळी नव्हती.