बरी आहे

रविवार, रात्र. लाइट गेलीय, गच्चीवर बसलेय. मोबाइलची बॅटरी आहे तोवर लिहिते.

दुपारी कडक भाकरी मोडून दह्यात शेंगाचटणी कालवली आणि तोंडातून निघून गेलं, "आई, तुझ्या हातची चव तश्शीच आहे बघ." दादा ताटाकडे बघत हसायला लागला. आई म्हणाली, "हातची कुठली! दोन वर्षं झाली, विकतची आणतोय. खांदा धरतो गं, उखळात कुटवत नाही."

दोन वर्षं. दर रविवारी माझा फोन असतो. "कशी आहेस?" "बरी आहे." संपलं.

वहिनीला माहीत, शेजारच्या काकूंना माहीत. मलाच तेवढं कुणी सांगितलं नाही. मी काय पाहुणी आहे? जर्नलला पाठवलेला पेपर परत आलाय ते आणि वेगळंच, जाऊ दे.

आणि पोटासाठी मी करते काय, तर इफेक्टिव्ह फील्ड थिअरी. लांबून आतलं दिसत नाही ना, मग त्याचा हट्ट सोडायचा, त्या जागी एक आकडा ठेवायचा आणि तो प्रयोगावरून ठरवायचा. फर्मी या भौतिकशास्त्रज्ञाने १९३४ साली बीटा क्षयाचं, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्याचं, गणित तसंच मांडलं. चार कण एका बिंदूत भेटतात, एक स्थिरांक, बास. त्या भेटीच्या मधला कण, डब्ल्यू बोसॉन, सर्नच्या प्रयोगशाळेत सापडला १९८३ साली. ८० जीईव्ही वस्तुमानाचा धटिंगण, तोवर त्या एका आकड्यात गप बसून होता. बीटा क्षयाचं त्यावाचून फारसं अडलंही नाही.

"बरी आहे"मध्ये खांदा असाच बसला होता.

पण आम्ही निदान चूक तरी लिहितो. ड्युटेरॉन ही प्रोटॉन-न्यूट्रॉनची सैल जोडी, बंधनऊर्जा जेमतेम २.२ एमईव्ही, त्यामुळे त्यांना बांधणारा पायॉन हा कण गाळूनही हिशोब जमतो. एमईव्हीतच मोजलं तर तिथला संवेग ४५च्या आसपास, पायॉनचं वस्तुमान १४०. म्हणजे हिशोबाच्या पहिल्या पायरीला उत्तर साधारण एक तृतीयांश इकडेतिकडे, पुढच्या पायरीला त्याचाही तिसरा हिस्सा. काय गाळलं आणि त्याने किती फरक पडेल, हे लिहिल्याशिवाय पेपर पाठवत नाही मी. फोनवर मात्र कधी विचारलं नाही, बरी म्हणजे किती बरी?

थोडं रडले. मग वाटलं, चटणी खरंच तशीच लागली होती की! जिभेला तेवढंच दिसतं, तिने तरी काय करावं. तेल जरा कमी सुटलं होतं बहुतेक. आता काय, कळल्यावर सगळंच आठवतं.

संध्याकाळी तिच्या खांद्याला तेल चोळायला बसले होते.

"इथे?"

"जरा खाली."

"इथे?"

"आणखी आत. हां."

बराच वेळ गप्प होती. मग पाठमोरीच म्हणाली, "तुझं ते पेपरचं काय झालं गं?"

"बरं चाललंय," म्हणाले.