डब्यावर लिहिलं होतं लॅक्टोज-फ्री

गणेशचवथीला आठ दिवस राहिले होते. गोव्यात, पेडण्यातल्या माझ्या दवाखान्यात सकाळपासून तापाच्या पेशंटांची रांग, बाहेर धो धो पाऊस. साडेअकराच्या सुमाराला एक आजी नंबर न विचारता थेट आत आल्या. खांद्यावर नऊ महिन्यांचा नातू, मागे सून, सुनेच्या हातात दुधाच्या पावडरीचा डबा. डबा मी लगेच ओळखला. पंधरा दिवसांपूर्वी मीच लिहून दिला होता.

बाळाच्या पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या होत्या. वरचा ओठ नाकाला टेकेल इतका सुजलेला. वाटेत दोनदा ओकला होता. पण माझ्या पोटात गोळा आला तो त्याच्या रडण्यानं. आवाज घोगरा झाला होता, आणि रडता रडता तो मध्येच गप्प होत होता. मान आजींच्या खांद्यावर कलंडलेली.

ही तीव्र ॲलर्जी होती, आणि तिच्यावरचं इंजेक्शन म्हणजे ॲड्रेनलिन. वजन ८ किलो, म्हणजे ०.०८ मिली, एक मिलीच्या सिरिंजवर आठ बारीक रेघा. नर्सनं रेघा मोठ्यानं मोजल्या, मी पुन्हा मोजल्या, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत सुई दिली. अशा वेळी आधी ॲलर्जीचं साधं औषध पाजून बघण्यात वेळ घालवायचा नसतो. त्यानं गांधी उतरतात, पण सुजलेला घसा आणि ढासळणारा रक्तदाब सावरत नाहीत. पाच-सात मिनिटांत बाळ खणखणीत रडलं. ते रडणं ऐकून सून मटकन खाली बसली.

बरं वाटलं म्हणून घरी पाठवणं धोक्याचं होतं, कारण काही तासांनी हीच लक्षणं पुन्हा उसळू शकतात. १०८ बोलावली आणि म्हापशाच्या जिल्हा इस्पितळापर्यंत मीही सोबत गेले. कोलवाळचा पूल येईपर्यंत आजींची पहिली भेट माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ‘‘ह्याका दूद सोसना, बाय. म्हज्यारच गेला.’’ म्हणजे माझ्यावरच गेलाय. त्यांना स्वतःला कपभर दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब होतात. ताक मात्र चालतं. सून कामावर रुजू होणार म्हणून बाळाला पावडरीचं दूध सुरू केलं होतं, आणि ते घेतलं की तो ओकायचा, पातळ शी करायचा. पातळ शी, त्यात आजीचा इतिहास, मी मान डोलावली आणि लॅक्टोज-फ्री पावडर लिहून दिली. जाता जाता आजी म्हणाल्या होत्या की दूध पाजलं की तोंडाभोवती लाल होतं. दात येताहेत, लाळेनं होत असेल, असं मी म्हटलं. तिथे चुकले. किती वेळानं होतं आणि किती वेळानं जातं, एवढं जरी विचारलं असतं तरी पुरे होतं.

आजींचा त्रास साखरेचा आहे. दुधातली लॅक्टोज ही साखर फोडणारं लॅक्टेज हे पाचक द्रव्य त्यांच्या लहान आतड्यात कमी झालंय. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ती आंबवतात, वायू धरतो. ताकात थोडी साखर आधीच आंबून फुटलेली असते, म्हणून ते सोसतं. हा प्रकार मोठेपणी येतो. आजीकडून आला तरी नऊ महिन्यांच्या वयात तो दिसत नाही. जोराचे जुलाब होऊन गेल्यावर लहान मुलांना काही आठवडे साखर पचत नाही, पण या बाळाला तसे जुलाब आधी कधी झालेच नव्हते. त्याच्या शरीराचं वैर होतं दुधातल्या प्रथिनांशी, केसीन आणि व्हे या दोन्हींशी. लॅक्टोज-फ्री डब्यात लॅक्टोज ही साखर नसते, प्रथिनं जशीच्या तशी असतात. आधी जेमतेम दोन-चार चमचे पोटात जायचे. मधले पंधरा दिवस तो पेज आणि अंगावरच्या दुधावर होता. त्या सकाळी नवा डबा फुटला, आणि भुकेल्या पोरानं अख्खी बाटली संपवली. दहा मिनिटांत हे सगळं झालं.

आजींना मी इस्पितळाच्या बाकावरच सांगितलं की चूक माझी होती, तुम्ही नीट सांगितलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, ‘‘मग शेळयेचें दूद?’’ नाही. शेळीचं आणि म्हशीचं प्रथिन गायीच्या प्रथिनाशी इतकं मिळतंजुळतं की शरीर फरक करत नाही. तूपही नको, त्यात केसीनचा अंश राहू शकतो. सुनेला वाटत होतं आता अंगावरचं पाजणंही सोडावं लागणार. ते मात्र चालूच ठेवायचं होतं. तिच्या दुधानं त्याला कधीच त्रास झाला नव्हता, त्यामुळे तिचं दूध-दहीही बंद केलं नाही. पुढे तपासणीत दुधाची ॲलर्जी पक्की झाली. प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली पावडर मिळते, पण ती महाग. आजींनी नाचण्याच्या तिजणावर, म्हणजे नारळाच्या रसातल्या पातळ खिरीवर, भर दिला. कॅल्शियमसाठी नाचण्याइतकं चांगलं धान्य दुसरं नाही. सुनेला मी सिरिंज भरायला शिकवलं, ॲम्प्युल आणि सिरिंजची डबी तिच्या पर्समध्ये असते. बऱ्याच मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात सुटते. पण पुन्हा दूध द्यायचं ते इस्पितळात, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत.

चवथीला त्यांनी मला बोलावलं. आरती झाल्यावर पाहुण्यांचे हात पेढा घेऊन बाळाच्या तोंडाकडे वळायला लागले. आजींनी तीन जणांना अडवलं, एका वडीलधाऱ्या काकांना तर चांगलंच सुनावलं. नैवेद्याला त्यांनी दुधाची खीर केलीच नव्हती. मणगणें केलं होतं, हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचा रस. त्यातली चमचाभर मऊ डाळ कुस्करून त्यांनी बाळाला भरवली. तो मिटक्या मारत होता. आजी, सून आणि मी, आम्ही तिघी मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि त्याच्या ओठांकडे बघत बसलो.